वीट पडायला किती पॉवर लागते?

उमेशभावजींनी तो नवा गेम आप्पांच्या मांडीवर ठेवला तो बाळंतिणीनं बाळ द्यावं तसा, दोन्ही हातांनी.

"हळू. काच आहे," ते म्हणाले.

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, मग परत नाकावर आणला. गेम उलटा करून बघितला, नखानं एक टिचकी मारली आणि कान जवळ नेला. माझ्या सासऱ्यांची ही सवयच. लाकूड असो, भांडं असो, कलिंगड असो, आधी टिचकी. पन्नास वर्षं पेट्या दुरुस्त केलेला माणूस. पेटी म्हणजे हार्मोनियम. मिरजेत आमच्या गल्लीत पेटी म्हटलं की कपड्यांची पेटी कुणाच्या मनातही येत नाही.

"बद वाजतंय," आप्पांनी निकाल दिला.

"आप्पा, तो वाजवायचा नाही, खेळायचा आहे. आत प्रोसेसर कुठला आहे माहिती आहे? आपल्या पहिल्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त पॉवर आहे ह्या एवढ्याशात."

"ह्यात विटा पडतात का?"

"विटा कशाला पडतील? अख्खी लढाई आहे आत. सैनिकाच्या दाढीचा केस न् केस दिसतो."

"त्याची दाढी बघून मी काय करू रं? कटिंग करायचीय व्हय त्याची?"

मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होते आणि बशीत चहा सांडेल इतकं मला हसू येत होतं. उमेशभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. पुण्यात कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचे. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध, अपग्रेड. मिक्सर आवाज करतो? जास्त वॅटचा घ्या वहिनी. टीव्हीला मुंग्या येतात? मोठा घ्या वहिनी. त्यांची बायको प्राजक्ता एकदा मला भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "ताई, चाळिशी जवळ आली तशी मला आमच्या घरात भीतीच वाटायला लागलीय बघा."

भावजींनी बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला. आप्पांनी शांतपणे चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "झालं का सैन्य गोळा?"

"लोड होतंय आप्पा. मोठा गेम आहे."

"आमचा डबा बघ." आप्पांनी शेजारच्या फळीवरून आपला डबा घेतला आणि बटण दाबलं. टुणटुण टुणटुण करत आठ सुरांची धून वाजली आणि पहिली वीट खाली यायला लागली. "ती खाली यायच्या आत तुझा सैनिक दाढी करून आला का सांग मला."

डबा म्हणजे तळहाताएवढा करड्या प्लॅस्टिकचा गेम. पिवळी बटणं, काडेपेटीएवढा पडदा, त्यात रंग म्हणून नाही. वरून विटा पडतात, त्या फिरवायच्या, ओळ भरली की ओळ नाहीशी होते आणि गुण मिळतात. दोन पेन्सिल सेल घातले की सहा महिने बघायचं नाही. हा डबा भावजींनीच एका जत्रेतून माझ्या लेकीसाठी आणला होता. लेक दहा दिवसांत कंटाळली. आप्पांनी तो उचलला तो उचललाच.

पण आप्पा काही करमणुकीसाठी खेळत नव्हते. ते सांगायला हवं.

पेटीच्या पोटात पितळेच्या पट्ट्या असतात, आणि प्रत्येक पट्टीवर एक बारीक जीभ. आम्ही तिला सूर म्हणतो. भात्याची हवा लागली की ती थरथरते आणि बोलते. सूर चढवायचा असेल तर जिभेच्या टोकाशी कानस फिरवायची, उतरवायचा असेल तर बुडाशी. फिरवायची म्हणजे केसाएवढी. एक हात जास्त पडला की काढलेलं पितळ काही परत चढवता येत नाही. म्हणून पासष्टी उलटल्यावर आप्पांनी स्वतःच स्वतःला नियम घातला. रोज जेवणानंतर डब्यावर एक डाव. पाच हजार गुण झाले तर त्या दिवशी हात ठिकाणावर आहे, सुरांचं काम करायचं. नाही झाले तर भाता चिकटवा, लाकूड घासा, पॉलिश करा, पण सुराला हात लावायचा नाही.

सगळ्या गिऱ्हाइकांना हे माहीत झालेलं. लोक दारातून चपला काढायच्या आधी विचारायचे, "काय आप्पा, झाले का पाच हजार?"

त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला आप्पांना हलकासा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं परत आलं. उजवा हात मात्र पूर्ण आला नाही. जेवायचे, सदऱ्याची बटणं लावायचे, पण अंगठ्याला एक थरथर राहिली. तेव्हापासून डब्यानं अडतीसशेच्या वर मजल मारली नव्हती. आप्पा रोज एक डाव खेळत, आकडा बघत, डबा फळीवर ठेवत आणि रिकाम्या हातानं पेट्यांवरची धूळ पुसत बसत. एकेक गिऱ्हाईक संकोचत येऊन आपली पेटी घेऊन गेलं. राहिली होती एकच, आरगच्या भजनी मंडळाची.

तिचे मालक धोंडीबुवा त्याच गुरुवारी, तो नवा गेम अजून लोड होत असतानाच, दारात उभे.

"आप्पा, पाच हजार?"

"अजून न्हाई. बस. चहा घे."

"चहा घेतो, पण पुढल्या गुरुवारी आमचा सप्ताह बसतोय. अन् ही पेटी दुसऱ्या पेटीबरं जुळंना ओ. सगळीच दोन पट्ट्या खाली बोलती. चुलत्याच्या वेळंला अशी न्हवती म्हंतात लोक."

"म्हातारी झालीय," आप्पा म्हणाले आणि भलत्याच कोपऱ्यात बघायला लागले. "रविवारी ये. काय ते सांगतो."

धोंडीबुवा गेले आणि भावजींनी गेम बाजूला ठेवला. एवढा लाखमोलाचा गेम बाजूला ठेवला म्हणजे विषय मोठा होता.

"आप्पा, तुम्ही पुण्याला चला. विलासदादाशी माझं बोलणं झालंय. तो दिवसभर डेपोत, वहिनींच्या मागे घर. इथं बसून तुम्ही काय करता? धूळ पुसता. तिकडे डॉक्टर चांगले आहेत, बाग आहे, नातवंडं आहेत. दुकान बंद करू."

माझे यजमान एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते त्या वेळी घरी नव्हते, ते बरंच झालं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला हे ठाऊक नव्हतं हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"कधी जायाचं?" त्यांनी विचारलं.

"मी रविवारपर्यंत आहे. रविवारी दुपारच्या गाडीनं."

आप्पांनी डबा हातात घेतला, अंगठ्यानं त्याची काच पुसली. "मग ह्यालाच विचारू. रविवारी जेवणानंतर डाव मांडतो. पाच हजार झाले तर मी हितंच, अन् आरगची पेटी माझी. न्हाई झाले तर तू म्हणशील तिथं येतो. दुकानाची किल्ली मंदाकडं." मंदा म्हणजे मी.

"आप्पा, ह्या डबड्यावर? बटणं सैल झालीत त्याची, चिप आहे का काय आहे आत देव जाणे! पैज लावायची तर निदान ह्या नव्या गेमवर लावा. पॉवर आहे त्याच्यात."

"उम्या," आप्पा म्हणाले, "वरनं वीट सोडली की खाली पडती. तिला रं कशाला पॉवर पायजे?"

मी हसले नाही. कप गोळा केले आणि आत गेले.

आता माझ्याबद्दल. माझं शिक्षण नववी. लग्नानंतर यांनी रेडिओ दुरुस्तीच्या एका पोस्टाच्या शिक्षणक्रमाला नाव घातलं होतं. दर महिन्याला एक पुस्तिका यायची. यांनी पहिल्या पुस्तिकेचं पहिलं पान वाचलं आणि त्यावर डोकं ठेवून झोपले. मी बाकीच्या अकरा वाचल्या. डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं हत्यार त्यांच्या नावानं आलं, पहिलं बोट माझं भाजलं. पुढे गल्लीतले रिमोट, मिक्सर, देवघरातल्या दिव्यांच्या माळा सगळं माझ्याकडे यायचं. बायका म्हणायच्या, "मंदावहिनी, जरा बघा की." पुरुष म्हणायचे, "विलासराव आहेत का?" आणि मग मिक्सर माझ्याच हातात द्यायचे.

शुक्रवारी सकाळी मी आप्पांना म्हटलं, "डब्याची बटणं साफ करून देऊ का? सैल झालीत म्हणाले भावजी."

"कर. पण उम्याचं ऐकून आत काय अपग्रेड करू नको."

"छे हो आप्पा. मला कुठलं जमायला ते?"

आप्पा आंघोळीला गेले आणि मी मागच्या पडवीत डबा उघडला. चार स्क्रू. आत हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या डांबराचा एक ठिपका, म्हणजे तीच ती चिप, आणि तिच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर. भावजींच्या त्या गेममध्ये काय काय असेल मला माहीत नाही. ह्याच्यात एवढंच होतं. पण आठव्या पुस्तिकेत मी वाचलं होतं की असल्या साध्या चिपचा ताल हा एवढासा दाणा धरतो. दाणा मोठा केला की चिप सावकाश चालते. विटा सावकाश पडतात.

लोक अपग्रेड करतात. मी उलटं केलं. जुन्या रिमोटमधला एक छोटा दाणा काढला आणि पहिल्याच्या पाठीला जोडून दिला. फार नाही. शंभराला बारा. डोळ्याला कळू नये आणि अंगठ्याला कळावं, इतकंच. पाच मिनिटांचं काम, पण शेजारच्या बाईनं भिंतीवरून हाक मारली तेव्हा मी चोरासारखी दचकले.

बंद करून बटण दाबलं. धून वाजली. जरा घोगरी वाटली मला. सेल उतरले असतील म्हणून मी नवे घातले. खरं सांगायचं तर त्या घरात पंधरा वर्षं राहूनही माझे कान तेव्हा फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजायला तयार झाले होते.

दुपारी जेवणानंतर आप्पांनी डबा सुरू केला. टुणटुण झालं तशी त्यांची मान किंचित वर झाली. पहिली वीट अर्ध्यावर आली तरी अंगठा हलेना.

"बटणं साफ केलीस न्हवं?"

"हो आप्पा."

"बरं वाटतंय," असं म्हणून ते खेळायला लागले. त्या दिवशी त्रेचाळीसशे झाले. शनिवारी सेहेचाळीसशे. भावजींनी भुवया उंचावल्या आणि नव्या गेमचा चार्जर शोधायला गेले. तो गेम दिवसातून तीनदा भिंतीला चिकटून बसायचा. आप्पा म्हणायचे, "दूध पितंय बाळ, त्याला उठवू नका."

रविवारी जेवणं उरकली. यांना सुट्टी होती. आम्ही चौघं दुकानात बसलो. आप्पांनी डबा गुडघ्यावर टेकवला, सदऱ्याची बाही वर सारली आणि सुरू केलं. तीन हजार सहज झाले. साडेतीन हजाराला अंगठा थरथरायला लागला. एक लांब वीट आडवी पडली, मग एक चुकीच्या कडेला बसली, आणि ढीग पडद्याच्या गळ्यापर्यंत आला. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, ते इतकं आवळलं की बोट निळं झालं.

"संपलं," भावजी हळूच म्हणाले. त्यांच्याही आवाजात आनंद नव्हता, हे मला सांगायलाच हवं.

"गप रं," आप्पा म्हणाले. एक उभी वीट येत होती. ती येईपर्यंत आप्पांनी वाट बघितली, आणि ती येत होती सावकाश, एखादा पाहुणा पायऱ्या चढतो तशी. अंगठा थरथरला, थांबला, दाबला. चार ओळी एकदम गेल्या. मग परत. आणि परत.

पाच हजार एकशेवीस.

यांनी "वा!" म्हणून मांडीवर थाप मारली. भावजींनी डबा हातात घेऊन आकडा दोनदा वाचला. "कमाल आहे. ह्या हार्डवेअरवर!" मग ते हसले. "हरलो आप्पा. तिकीट एकच काढतो."

"एक काढ. अन् जाताना पोरांना भडंग ने. चौकातल्या दुकानातनं ताजं आण, दोघंबी जा."

दोघे भाऊ चपला घालून बाहेर पडले. मी इतकी खूश होते की उठून आप्पांच्या पाया पडावंसं वाटत होतं. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "मंदा, ती आरगची पेटी घे पुढं."

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं मी काय केलं होतं ते.

आप्पा पुण्याला जाऊ नयेत, एवढाच मी विचार केला होता. पाच हजार झाल्यावर आप्पा काय करतात, हे सबंध गल्लीला ठाऊक होतं. मलाच सुचलं नव्हतं.

मी पेटी उचलून आणली. आप्पांनी झाकण काढलं, सुरांची फळी बाहेर घेतली, उजेडाकडे धरली. "बघ. ह्या जिभा बुडाशी खरवडलेल्या हायेत. आता टोकाशी खरवडून परत वर न्यायच्या. दोन्हीकडनं खरवडलं की पितळ थकतं. चुकायला जागा न्हाई." असं म्हणून त्यांनी पहिल्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवला, कानस उचलली आणि खाली नेली.

कानशीचं टोक थरथरत होतं. उन्हाचा एक ठिपका त्याच्यावर पडला होता, तो भिंतीवर नाचत होता.

"आप्पा, थांबा."

कानस पितळेपासून दोन बोटं वर थांबली.

"तुमचे पाच हजार झाले नाहीत."

"मग काय झालं?"

"डबा मी हळू केलाय. शुक्रवारी. बटणं साफ करायच्या निमित्तानं." मी फळीवर हात आडवा धरला. "तुम्ही जाऊ नये म्हणून केलं. ह्याचा विचारच नाही केला मी. पाया पडते, पण त्या सुराला हात लावू नका."

आप्पांनी कानस खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य तर मुळीच नव्हतं.

"किती हळू केलास?"

"शंभराच्या जागी एकशेबारा..."

"तुझ्या भाषेत नको. मी सांगतो. दोन पट्ट्या." त्यांनी दुकानातली स्वतःची पेटी ओढली, डाव्या हातानं भाता हलवला आणि एक पट्टी दाबली. "डबा सात वर्षं ह्या पांढरी दोनवर बोलायचा. शुक्रवारी दुपारी हितं बोलला, मधली काळी सोडून पांढरी एकवर. सर्दी झाल्यागत. मला वाटलं चुकून झालं असंल. मग तुझं तोंड बघितलं."

मी जमिनीकडे बघत होते. विटा सावकाश करताना धूनही खाली उतरते, हे आठव्या पुस्तिकेत नव्हतं. किंवा असेल, तेव्हा मी भात उतरवायला उठले असेन.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू कुठं बोललीस?"



"आणि मी आत्ता पण बोलले नसते तर?"

"तर कानस ठेवली असती, उम्याला परत बोलावलं असतं अन् दोन तिकिटं काढायला लावली असती." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "माझा हात गेलाय, मंदा. ते मला मार्चपास्नं ठावं हाय. डाव मी हातासाठी मांडत न्हवतो. आता कुणाच्या तरी हातात द्यायचं तर कुणाच्या, एवढंच बघत होतो. तांदळाएवढं काम करतीस, कुणाला पत्ता लागू देत न्हाईस. फक्त तुला पितळेचं भ्या वाटतं का, तेवढंच बघायचं राहिलं होतं."

"मला? आप्पा, मला सा कुठला आणि रे कुठला ते कळत नाही."

"कान मी देतो की. हात तुझा. थांब म्हटलं की थांबायचं, एवढं जमंल? संसारात न्हाई जमत कुणाला, पण बघू."

त्यांनी कानस माझ्यापुढे सरकवली. मी हात पदराला पुसले, परत पुसले.

"एक विचारू आप्पा? ही पेटी बुडाशी कुणी खरवडली?"

आप्पा भलत्याच कोपऱ्यात बघायला लागले. गुरुवारी बघितलं होतं त्याच.

"धोंड्याचा चुलता, शंकरबुवा. काय आवाज! काळी चारवरच गायचा. पेटीवर काळी चार दाबलेली दिसली न्हाई तर भजनाला तोंड उघडायचा न्हाई. सत्तरी आली, वरचा सूर लागंना. खालनं गा म्हटलं तर मारायला उठायचा. एकदा पेटी भात्यासाठी आली. मी सगळे सूर दोन पट्ट्या उतरवले. काळी चार दाबा, बोलणार काळी तीन. त्यो दाबतोय काळी चारच अन् गातोय मस्त."

"त्यांना कळलं नाही?"

"न्यायला आला तवा एक सूर धरला. माझ्याकडं बघितलं. म्हणाला, 'आप्पा, पेटी बेस झाली.' अन् दुसऱ्या दिवशी परड्यातली पाटीभर वांगी पाठवली."

आप्पांनी कानस आणखी माझ्या जवळ सरकवली. मग आप्पा म्हणाले, "आज संध्याकाळी वांगी कर. माझ्याकडनं. पण करायची तूच."

मी कानस उचलली. पहिल्या जिभेच्या टोकाशी टेकवली आणि श्वास धरला. आप्पांनी डोळे मिटले.

"ओढ. हलकं. आणखी. आणखी एक. थांब!"

मी थांबले. आप्पांनी फळी जागेवर बसवून भाता हलवला. मला तो सूर आधीसारखाच वाटला. आप्पांच्या तोंडावर मात्र, सात महिन्यांत पहिल्यांदा, धूळ पुसल्यासारखं काहीतरी झालं.

"वर आला," ते म्हणाले. "दुसरा घे."

भावजी भडंगाच्या पुड्या घेऊन परतले तेव्हा मी कानस घेऊन बसलेली आणि आप्पा डोळे मिटून "थांब, थांब" करत होते. "हे काय वहिनी?" त्यांनी विचारलं. आप्पांनी डोळे न उघडता सांगितलं, "हार्डवेअर बदललंय. तुझ्या गाडीची वेळ झाली, पळ."

रविवारी सांगितल्याप्रमाणे धोंडीबुवा बुधवारी पेटी घेऊन गेले. मी नंतर आप्पांना विचारलं, डब्यातला तो दाणा काढून टाकू का. म्हणाले, "राहू दे. आपण किती खाली आलोय ते ठावं असलं म्हंजे झालं." ते पुढे नऊ वर्षं खेळले. पाच हजार आले तरी आणि नाही आले तरी, सुरांचं काम रोज व्हायचं. चौथ्या वर्षी एका दुपारी "थांब" म्हणायच्या आधीच मी थांबले. आप्पांनी एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. त्यानंतर ते कामाच्या वेळी खुशाल झोपायला लागले.

आता दुकान माझं आहे. लोक दारातून विचारतात, "आप्पांची सून आहे का?" आणि पेटी माझ्या हातात देतात. डबा त्याच फळीवर आहे.

परवा गणपतीला भावजी आले होते. केस पिकले, चष्म्याला दोन नंबर. ह्या मधल्या काळात त्यांनी पाच-सहा नवे गेम घेतले, एकापेक्षा एक पॉवरवाले. ते सगळे कुठल्या कपाटात दूध पीत पडलेत ते प्राजक्तालाच माहीत. दुपारी जेवण झाल्यावर ते दुकानात येऊन बसले, माझं काम बघितलं, मग सहज फळीवरचा डबा घेतला.

"चालतो का अजून?"

"दोन सेल घाला. चालायला काय झालंय त्याला?"

टुणटुण झालं. मी कानस थांबवली. भावजी खेळायला लागले. आधी नुसते टेकून बसलेले, मग पुढे वाकले, मग जीभ दातात धरली. अर्ध्या तासानं ते ओरडले, "वहिनी! पाच हजार दोनशे! पहिल्या झटक्यात! आप्पांपेक्षा जास्त!" डबा माझ्यासमोर नाचवला. "बघा, बावन्न वर्षांचा हात आहे, पण अजून कसा चालतोय. आणि काही म्हणा, ह्या डबड्यात पॉवर आहे."

डब्यानं विजयाची धून वाजवली. पांढरी एक, स्वच्छ. आता मला कळतं.

"आहे की भावजी," मी म्हटलं, आणि पुढच्या सुराला कानस लावली.